जुना स्पूल डेक घ्यायचाय? अकाई, सोनी, रेव्हॉक्स की टियॅक

आधी एक सांगा, घरात स्पूलं, म्हणजे चाकावर गुंडाळलेल्या जुन्या टेपा, आहेत का? (डेक म्हणजे त्या वाजवायचं मशीन.) कारण "भाऊ, कोणता डेक घेऊ" म्हणून विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक ज्यांच्या माळ्यावर आजोबांनी रेकॉर्ड केलेली स्पूलं पडून आहेत आणि ती एकदाची कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायची आहेत. दुसरे ज्यांना हॉलमध्ये दोन मोठी चाकं फिरताना अन् मीटरचे काटे नाचताना बघायचे आहेत. दोन्ही हौशी आपल्या जागी बरोबर, पण दोघांचा डेक एक नाही राजेहो. आणि आपल्याकडे लोक काय करतात तर पहिले फोटो पाहून डेक घेऊन टाकतात, मग घरी आणून स्पूल लावतात आणि मग कळतं की स्पीडच जुळत नाही नाहीतर दोन गाणी एकदमच वाजून राहिली, त्यातलं एक उलटं.

म्हणून डेकच्या आधी स्पूलाकडे बघा. आपल्याकडच्या घरांतून जी निघतात ती जास्त करून पाच नाहीतर सात इंची, साठ-सत्तरच्या दशकातल्या ग्रुंडिग, फिलिप्स नाहीतर सोनीच्या मोनो टेपरेकॉर्डरवर केलेली. टेप महाग, म्हणून लोक स्पीड कमी ठेवायचे. १८०० फुटांचं सात इंची स्पूल सेकंदाला १९ सेंटीमीटरच्या स्पीडवर एका बाजूला ४८ मिनिटं चालतं, ९.५ वर ९६ मिनिटं आणि ४.७५ वर तीन तासांच्याही वर, आता सांगा गणपतीतलं रात्रभराचं कीर्तन रेकॉर्ड करणारा माणूस कोणता स्पीड लावेल? डब्यावर पेनानं लिहिलेलं असतं कधीकधी, "३ ३/४" नाहीतर "१ ७/८", हे इंच आहेत, म्हणजे ९.५ आणि ४.७५. डबा फेकू नका, त्यावरची ती एक ओळ तुमचा डेक ठरवते.

दुसरी गोष्ट ट्रॅकची, आणि इथेच जास्त घोळ होतो. पाव इंच रुंदीची टेप असते. जुन्या मोनो मशिनी त्याचे दोन पट्टे करायच्या, वरचा अर्धा जाताना आणि खालचा अर्धा स्पूल उलटवून येताना, हा हाफ ट्रॅक. नंतरच्या घरगुती स्टिरिओ मशिनींनी चार पट्टे केले, पहिला-तिसरा जाताना, दुसरा-चौथा येताना, हा क्वार्टर ट्रॅक. आता गंमत अशी की हाफ ट्रॅकची टेप क्वार्टर ट्रॅक डेकवर चालते, खरखर जराशी वाढते एवढंच. उलटं मात्र चालत नाही, क्वार्टर ट्रॅकची दोन्ही बाजूंनी भरलेली टेप हाफ ट्रॅक डेकवर लावली की दोन्ही बाजू एकदम ऐकू येतात, एक सुलटी एक उलटी. म्हणजे घरच्या जुन्या स्पूलांसाठी क्वार्टर ट्रॅकचा डेक जास्त कामाचा, जरी दुकानदार तुम्हाला हाफ ट्रॅकचं गुणगान गाऊन दाखवत असला तरी.

आणि एक आतली गोष्ट सांगतो. आजोबांची मोनो हाफ ट्रॅक टेप क्वार्टर ट्रॅक स्टिरिओ डेकवर लावली की डाव्या चॅनलमध्ये पहिली बाजू येते आणि उजव्या चॅनलमध्ये दुसरी बाजू, उलटी. दोन्ही चॅनल एकदमच कॉम्प्युटरवर घ्या, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे करा, उजवा रिव्हर्स करा, झालं, एकाच फेरीत दोन्ही बाजू. टेप नाजूक असेल तर तिला दुसऱ्यांदा फिरवायची गरजच नाही.

आता डेक. आपल्याकडे फिरूनफिरून हीच चार नावं समोर येतात, अकाई ४०००डीएस, सोनी टीसी-३७७, रेव्हॉक्स ए७७ आणि टियॅक एक्स-१०००आर. बाकी येतात अधूनमधून, पण या चारांत तुमची निवड कुठे बसते हे कळलं की बाकीच्यांचंही कळतं. पहिले दोन सात इंची स्पूलाचे, एका मोटरवर सगळा कारभार चालवणारे. पुढचे दोन साडेदहा इंची, तीन मोटरवाले, जड आणि महाग.

अकाई आणि सोनी आधी घेऊ कारण बहुतेकांचं उत्तर इथेच आहे. दोघांतही तीन हेड, म्हणजे पुसायचं, भरायचं आणि वाजवायचं वेगवेगळं, त्यामुळे रेकॉर्ड करता करताच टेपवर काय उतरलं ते ऐकता येतं. अकाईला १९ आणि ९.५ असे दोन स्पीड. पण ते बटणानं बदलत नाहीत, टेप ओढणारा जो बारीक दांडा असतो, कॅपस्टन, त्यावर एक छोटी धातूची नळी चढवायची, मग दांडा जाड होतो आणि टेप १९ वर पळते. ही नळी हरवलेली असते! पन्नास वर्षांत चार घरं फिरलेल्या मशीनची एवढीशी नळी कुठे राहते बाप्पा. विकणारा म्हणतो "एकदम ओके आहे", आणि चालतोही, फक्त ९.५ वरच. तुमची सगळी स्पूलं ९.५ ची असतील तर घ्या बिनधास्त आणि नळी नाही म्हणून भाव पाडा. १९ ची असतील तर नळी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, नवी बनवून मिळते बाहेर पण लेथवर बनवलेली जराशी जरी डुगडुगली तरी हार्मोनियमचा सूर लाटेसारखा हलतो आणि ते कानाला लगेच कळतं.

सोनी टीसी-३७७ ला तीन स्पीड, १९, ९.५ आणि ४.८, म्हणजे आपल्या ४.७५ च्याच टेपा. नुसतं बटण फिरवायचं. माझ्या मते घरची जुनी स्पूलं वाचवायला निघालेल्या माणसासाठी ही एक गोष्ट बाकी सगळ्यावर भारी आहे. वरून त्याची हेडं फेराइटची, कडक, लवकर झिजत नाहीत. अकाई ४०००डीएसची साधी धातूची हेडं झिजतात, मात्र त्याचाच भाऊ जीएक्स-४०००डी मिळाला तर त्यात काच आणि फेराइटची हेडं आहेत, ती तर चाळीस-पन्नास वर्षांनीही नव्यासारखी दिसतात. दोघंही शेजारी ठेवलेले असतील, साधा ४०००डीएस आणि जीएक्स, तर जास्तीचे पैसे द्या, हेडाला दिलेला पैसा वाया जात नाही.

४.७५ ची स्पूलं आहेत आणि सोनी मिळतच नाही, तर? तर अकाईवर ९.५ नं वाजवा, कॉम्प्युटरवर ९६ किलोहर्ट्झला घ्या आणि मग सॉफ्टवेअरमध्ये स्पीड अर्धा करा. आवाजाचा बारीक-जाड समतोल थोडा सरकतो, ट्रेबल हातानं सावरावं लागतं, पण बोलणं आणि गाणं नीट निघतं. डिजिटाइझ करायला हा जुगाड पुरतो, निवांत बसून ऐकायला मात्र काही कामाचा नाही.

या दोघांचं दुखणं एकच, सुकलेलं ग्रीस आणि संपलेलं रबर. नॉब प्लेवर फिरवला की जड लागतो नाहीतर सोडला की परत येत नाही, तर ते आतलं ग्रीस आहे, मेणासारखं घट्ट झालेलं. जोर लावू नका, आतली कॅम तुटते. मागचं झाकण काढून बेल्ट बघा. चांगला बेल्ट सपाट आणि कोरडा असतो, मेलेला बेल्ट बोट लावलं की डांबरासारखा चिकटतो, फ्लायव्हीलवर (कॅपस्टनच्या जड चाकावर) काळा थर पसरवून ठेवतो आणि बोटाला लागला की साबणानं निघत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं बनियन घेऊनच बसावं लागतं. पण घाबरण्यासारखं नाही हे, नागपुरात बर्डीवर नाही मिळाला तरी बेल्ट ऑनलाइन मिळतो, आणि ज्याने जुने कॅसेट डेक उघडले आहेत असा कोणताही मिस्त्री एक मोटरवाला डेक समजून घेऊ शकतो.

रेव्हॉक्स ए७७ म्हणजे वेगळीच जात. स्वित्झर्लंडच्या विली स्टुडरच्या कंपनीचा, १९६७ ते १९७७ पर्यंत बनला, त्यानंतर बी७७ आला. ओतीव अॅल्युमिनियमचा सांगाडा, तीन मोटरी, साडेदहा इंची स्पूल, आणि कॅपस्टनची मोटर सर्व्होवर, म्हणजे स्वतःचा स्पीड स्वतःच सावरणाऱ्या सर्किटवर, चालते म्हणून स्पीड लाइटच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नाही (हे नागपुरात का महत्त्वाचं ते पुढे सांगतो). आतले सर्किट बोर्ड उपसून काढता येतात, सर्व्हिस मॅन्युअल सहज मिळतं, पार्ट आजही युरोपातून येतात. आवाजाच्या बाबतीत या चारांत मी यालाच वर ठेवीन, आणि त्यावर वाद घालायचा असेल तर घाला.

पण. ए७७ हाफ ट्रॅकमध्येही येतो आणि क्वार्टर ट्रॅकमध्येही, साधा मॉडेल ९.५ आणि १९ चा, एचएस म्हणून जो येतो तो १९ आणि ३८ चा. घरच्या स्पूलांसाठी हाफ ट्रॅक एचएस घेतला तर तो नुसता शोकेसमध्येच राहणार. विकणाऱ्याला विचारू नका, त्याला माहीत नसतं, स्वतः हेडांचं कव्हर उघडून वाजवणाऱ्या हेडाकडे बघा. दोन जाड पट्टे जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापून असतील तर हाफ ट्रॅक, दोन बारीक पट्टे, एक वरच्या कडेला आणि एक मध्याच्या खाली, तर क्वार्टर. फोटो मागवताना हाच एक फोटो मागवा, समोरचे चकाचक दहा नको.

आणि याचे कपॅसिटर. पिवळसर पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर आत असतात, रिफा कंपनीचे, त्यांच्या आवरणाला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून दमट हवा आत जाते आणि वर्षानुवर्षं बंद पडलेला डेक एक दिवस तुम्ही हौसेनं चालू करता तर दहा मिनिटांत फट्ट, खोलीभर घाण वासाचा धूर. डेक मरत नाही यात, पण सगळे बदलावेच लागतात, सोबत आतले छोटे ट्रिमरही (पेचकसानं फिरवून जुळवायचे पार्ट). म्हणजे रेव्हॉक्सची किंमत ही विकत घ्यायची किंमत नाहीच, त्यात पूर्ण सर्व्हिसिंग धरा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अजून एक, याला पॉज नाही. विश्वास बसत नाही पण नाही. आणि साडेदहा इंची धातूची स्पूलं लावायला मधले दोन अडॅप्टर लागतात, ते सोबत येतात का विचारून घ्या, वेगळे घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात.

टियॅक एक्स-१०००आर दिसायला सगळ्यात देखणा, हे मान्यच करावं लागतं. साडेदहा इंची, क्वार्टर ट्रॅक, ९.५ आणि १९, ऑटो रिव्हर्स म्हणजे बाजू संपली की स्पूल न उलटवता स्वतःच उलटा वाजायला लागतो, बटणं मऊ, आणि आत डीबीएक्स नावाची खरखर मारायची सोय. हॉलमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवायचा असेल तर हाच. पण यात टेप दोन कॅपस्टनांमध्ये ताणून धरलेली असते आणि दोघांना एकच बेल्ट फिरवतो, तो बेल्ट वितळतो म्हणजे वितळतोच, आणि तिथपर्यंत पोचायला जेवढं उघडावं लागतं तेवढं उघडणारा मिस्त्री मला तरी नागपुरात सहज सापडत नाही. दोन्ही पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबून धरणारी रबरी चाकं) एकसारखे हवेत, नाहीतर मधली टेप सैल पडते नाहीतर गुंडाळते. आणि डीबीएक्स लावून रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्या साध्या डेकवर ऐकली की आवाज दबतो-उसळतो, ऐकवत नाही. म्हणजे तुमचं सगळं त्याच एका मशीनला बांधलं जातं. टियॅकचाच घ्यायचा तर ऑटो रिव्हर्स नसलेला ए-३३००एसएक्ससारखा जुना घ्या, तीन मोटरी आहेत, साडेदहा इंची आहे, आणि आत कमी भानगडी आहेत.

आता ती फ्रिक्वेन्सीची गोष्ट. अमेरिकेतल्या मुलानं बाबांसाठी डेक पाठवला, हे आजकाल धरमपेठ-रामदासपेठेत ऐकायला मिळतं. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०, म्हणून लोक स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घेतात आणि निवांत होतात. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. एसी मोटर थेट लाइटच्या हर्ट्झवर फिरणारी असली तर डेक सहाला पाच या हिशोबानं हळू पळतो, म्हणजे गाणं जवळजवळ तीन अर्धस्वर खाली, बाईचा आवाज बाप्याचा होतो. अशा मशीनची मोटरवरची पुली आणि बहुतेक वेळा मोटरचा कपॅसिटरही ५० चा लावावा लागतो. जपानहून आलेल्या मशीनचं व्होल्टेज फक्त १०० असतं, आणि तिथे अर्ध्या देशात ५०, अर्ध्या देशात ६० हर्ट्झ, त्यामुळे मागची पट्टी वाचल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. मागे व्होल्टेज सिलेक्टर असलेला एक्स्पोर्ट मॉडेल मिळाला तर डोकं शांत राहतं. रेव्हॉक्सला मात्र मागे सिलेक्टर असतो आणि स्पीडही सर्व्हो सांभाळतो, तिथे ही कटकट नाही.

स्पीड तपासायचा तर मोजपट्टी आणि मोबाइल पुरतो. एका फालतू टेपवर ५ मीटर ७१.५ सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा, १९ च्या स्पीडवर पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत ३० सेकंद लागायला हवेत. ३६ लागले तर समजा ६० हर्ट्झचं मशीन गळ्यात मारतायत. फालतू टेप म्हणतोय ते लक्षात घ्या, आजोबांचं एकुलतं एक स्पूल अनोळखी डेकवर टेस्टिंगला कधीच लावू नका, ब्रेक खराब असला तर स्टॉप दाबल्यावर एक चाक थांबतं आणि दुसरं फिरतच राहतं, टेप ताणली जाते नाहीतर तुटते.

हेड बघायला टॉर्च आणि नख. अंगठ्याचं नख हेडाच्या तोंडावर वरून खाली हळूच फिरवा, टेपच्या रुंदीएवढ्या खाचेत अडकलं तर झीज खूप झाली. नुसता चपटा चकचकीत डाग असेल आणि दोन्ही चॅनल सारखे वाजत असतील तर चालेल, किंमत कमी करायला उपयोगाचा. हेडाची झीज काळजीची, बाकी बाहेरचे ओरखडे, तुटलेलं झाकण, पिवळे पडलेले नॉब, यावर वेळ घालवू नका. एका चॅनलचा आवाज गेलेला असेल तर सिलेक्टरची बटणं वीसेक वेळा मागेपुढे करा, खूपदा नुसता कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो. विकणाऱ्यासमोर करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

नागपूरचं हवामान या सगळ्याला बिलकुल पोषक नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, गच्चीवरच्या खोलीत तर विचारूच नका, रबर तिथेच मरतं. म्हणून गच्चीच्या खोलीतून निघालेल्या डेकचा बेल्ट मी न बघताच गेलेला धरतो. त्यात आपण काय करतो, खिडकीत कुलर लावतो. कुलरची ओली हवा स्पूलांना घातक, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा, खास करून मागून काळा थर असलेल्या अँपेक्स ४५६ सारख्या टेपांचा, लेप ओल पिऊन चिकट होतो, वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडावर तपकिरी चिखल साठतो. असा आवाज आला की लगेच थांबा. त्या टेपा पन्नास-पंचावन्न डिग्रीवर तासनतास शेकून तात्पुरत्या सुधारतात, पण ते घरच्या ओव्हनचं काम नाही, आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसणारी अॅसिटेटची जुनी टेप तर शेकायचीच नाही, ती खराब होते. डेक आणि स्पूलं कुलरच्या खोलीत नको, आतल्या खोलीत कपाटात ठेवा.

भावाचं म्हणाल तर आकडा सांगत नाही, दर महिन्याला बदलतो. हिशोब एवढा धरा की चालू रेव्हॉक्स चालू अकाईच्या दोन-तीनपट पडतो आणि टियॅक कधी त्याच्याही वर जातो. बंद डेक निम्म्याहून कमीत मिळाला तर सोनी-अकाईच्या बाबतीत मी विचार करीन, हेड चांगलं असेल तर. बंद रेव्हॉक्स फक्त त्याने घ्यावा ज्याला स्वतः सोल्डरिंग जमते. बंद टियॅक ऑटो रिव्हर्स फुकट मिळाला तरी विचार करा.

तर घरची स्पूलं वाचवायची आहेत त्याने सोनी टीसी-३७७ शोधावा, नाही मिळाला तर जीएक्स-४०००डी, आणि तोही नाही तर नळीसकट ४०००डीएस. काम झालं की विकून टाका, घेतलेल्या भावात जातो. ऐकायची हौस आहे, नवी टेप घ्यायची तयारी आहे (फ्रान्सची रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेची एटीआर अजून बनवतात, पण साडेदहा इंची एका स्पूलाचा भाव बघून खुर्चीत बसूनच बघा), त्याने कपॅसिटर बदललेला रेव्हॉक्स घ्यावा आणि मग दुसरीकडे बघूच नये. मला दोन्ही पाहिजे म्हणणाऱ्याला सांगतो, आधी सोनी घ्या, रेव्हॉक्स दोन वर्षांनी.

मुंबईहून मागवत असाल, लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर चोर बाजारातून, तर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत तसाच टाकू देऊ नका. स्पूलं आणि अडॅप्टर काढून वेगळी बांधा, ती अकाईची नळी पाकिटात घालून खिशात ठेवायला सांगा, समोरची बाजू थर्माकोलनं उचलून धरा म्हणजे नॉबांवर आणि हेडांवर वजन येणार नाही, आणि डेक उभा बांधा. घरी आल्यावर लगेच प्लग लावू नका, मागचं झाकण काढून एकदा आत बघा, सुटलेलं काही पडलंय का, भेगाळलेले कपॅसिटर आहेत का. मग पहिल्यांदा चालू करताना मिस्त्रीकडे असतो तो सिरीज बल्ब लावूनच करा, शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि डेक वाचतो.